फ्लुइड मेकॅनिक्सचा प्राध्यापक करतो काय, आणि तिथवर पोचतो कसा?

श्रावणात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिककरांचे पाय गोदाघाटाकडे वळतात. बघायचं असतं एकच, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलंय. गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला, ही मोजपट्टी गावात लहानथोर सगळ्यांना वाचता येते. धरणावरून आकडा येतो तो मात्र क्युसेकमध्ये. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, म्हणजे १०,००० क्युसेक हा सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटरचा लोंढा. एवढं पाणी सोडलं तर ते मारुतीच्या कमरेपर्यंत येईल की छातीपर्यंत, आणि किती वेळाने? नुसत्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. पात्राचा उतार, रुंदी, तळाचा खडबडीतपणा, पुलांचे खांब, वाटेत येऊन मिळणारे नाले, सगळं हिशोबात धरावं लागतं. हा हिशोब मांडणारं शास्त्र म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्स.

कॉलेजात नदी सिव्हिलवाल्यांची आणि पंप, ब्लोअर, टर्बाइन मेकॅनिकलवाल्यांचे, अशी वाटणी असते. समीकरणं दोघांची एकच. मेकॅनिकल विभागातल्या ज्या प्राध्यापकाने या विषयात संशोधन करायचं ठरवलं, त्याची किंवा तिची वाट कशी असते, हे इथे सविस्तर मांडलं आहे. नाशिकमधली बरीच मुलं टीई-बीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असताना हा विचार करतात आणि घरचे विचारतात, 'प्राध्यापक म्हणजे तास घेणार, आणखी काय?' तास असतातच. पण या क्षेत्रात माणूस ओळखला जातो तो त्याच्या प्रश्नावरून: ते ड्रिपरवाले सर, त्या स्प्रेच्या थेंबांवर काम करणाऱ्या मॅडम. पदाची वाट नियमांत लिहिलेली आहे. स्वतःचा प्रश्न कसा मिळवायचा, हे कुठल्याच नियमात नाही, आणि कारकीर्द उभी राहते ती त्याच्यावर.

नळी एक, प्रवाह दोन तऱ्हांचे

आधी विषयाची चव घेऊ. न्यूटनचा नियम आपल्याला ठाऊक असतो: बल लावलं की वेग बदलतो. तोच नियम पाण्याच्या किंवा हवेच्या एका इवल्याशा ढेकळाला लावायचा, त्यात दाब आणि चिकटपणा धरायचा, की नाविए-स्टोक्स समीकरणं मिळतात. नाविए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये ती मांडली. लिहायला दोन ओळी लागतात. पण तीन मितींत त्यांचं उत्तर कायम सुरळीत राहतं की कुठेतरी बिघडतं, हे आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही. क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून तसंच आहे.

अडचण करतो तो प्रवाहाचा खळखळाट. मँचेस्टरला प्राध्यापक असलेल्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश असताना धार सुतासारखी सरळ राहिली; वेग वाढवला तशी ती एका ठिकाणी थरथरली आणि पुढे सगळ्या पाण्यात मिसळून गेली. ही सीमा एका संख्येने सांगता येते: वेग गुणिले नळीचा व्यास भागिले पाण्याचा (घनतेने भागलेला) चिकटपणा. हाच रेनॉल्ड्स क्रमांक. नळीत तो साधारण २००० च्या खाली असेल तर प्रवाह शिस्तीत, थराथराने चालतो. बराच वर गेला की खळाळतो.

हे बघायला मँचेस्टरला जायला नको, पिंपळगावच्या किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेत जावं. १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ओळीतून जाणारी ठिबकची नळी, घ्या, तिचा आतला व्यास धरा १४ मिलिमीटर. तिच्यावर तासाला ४ लिटरचे ५० ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं, आहेत. म्हणजे नळीच्या तोंडाशी तासाला २०० लिटर पाणी शिरतं. वेग येतो सेकंदाला ३६ सेंटिमीटर आणि ३० अंशांच्या पाण्याला रेनॉल्ड्स क्रमांक येतो सुमारे ६३००. प्रवाह खळाळता. पुढे प्रत्येक ड्रिपर आपला वाटा काढून घेतो. शेवटच्या ड्रिपरपाशी उरतं तासाला ४ लिटर, वेग सेकंदाला फक्त ७ मिलिमीटर आणि क्रमांक १२६. म्हणजे एकाच नळीत सुरुवातीला खळाळता प्रवाह आणि शेवटच्या पंधराएक ड्रिपरपाशी शिस्तीचा. बाहेरून लावलेल्या ड्रिपरचा दांडा नळीत थोडा आत येतो आणि पाणी ढवळतो, त्यामुळे ही सीमा कागदावर दिसते तितकी रेखीव नसते. पण कल खराच आहे.

याचा शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. सेकंदाला ७ मिलिमीटर वेगात बारीक गाळ वाहून जात नाही, खाली बसतो. म्हणून ओळीच्या शेवटचे ड्रिपर आधी चोंदतात. लॅटरल धुताना शेवटची टोपी काढतो तेव्हा नळीत किमान सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग यावा लागतो. मघाच्या नळीत त्याचा अर्थ असा, की तोंडाखाली लावलेली १० लिटरची बादली साडेतीन मिनिटांच्या आसपास भरली पाहिजे. पाच-सहा मिनिटं लागत असतील तर नळी धुतली जात नाही, पाणी नुसतं वाया जातं. मग एका वेळी कमी ओळी उघडायच्या.

आणि इथेच संशोधनाला जागा आहे. ड्रिपरच्या आत वळणावळणांचा, दातेरी, जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचा मार्ग असतो. १२० मेशचा फिल्टर साधारण १३० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. त्याहून बारीक कण या दात्यांमध्ये शिरतात आणि नेमके कुठे साचतात, दात्याचा कोन बदलला तर काय होतं, हे अभ्यासायला चार वर्षं सहज जातात.

बीई ते पीएचडी

फ्लुइड मेकॅनिक्स एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, येतो. बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते: दाब आणि वेगाचं नातं सांगणारं बर्नुलीचं समीकरण पाठ होतं आणि ते सगळीकडे लावलं जातं. पंपाच्या आधीचा आणि नंतरचा बिंदू घेऊन किंवा लांब नळीतलं घर्षण विसरून ते लावलं की उत्तर येतं, पण चुकीचं. ज्यांना या वाटेने जायचं आहे त्यांनी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, नुसता सोडवू नये, समजून घ्यावा. डायव्हर्जन्स आणि कर्ल ही परीक्षेपुरती चिन्हं वाटतात. पुढे डायव्हर्जन्स म्हणजे पाणी कुठे निर्माण होत नाही आणि नाहीसंही होत नाही हे सांगणारी ओळ, आणि कर्ल म्हणजे भोवरा.

मग गेट, म्हणजे एमटेकची प्रवेशपरीक्षा. तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण, स्कोअर तीन वर्षं चालतो. मेकॅनिकलचा पेपर सगळेच देतात. पण एक्सई नावाच्या पेपरात फ्लुइड मेकॅनिक्स हा स्वतंत्र विभाग निवडता येतो, हे पुष्कळांच्या गावी नसतं. गेटवर एमटेकला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पीएचडीला केंद्राच्या फेलोशिपचे दर २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. घरच्यांना हा आकडा आधीच सांगून ठेवावा. मुलगा किंवा मुलगी तिशीपर्यंत शिकतच राहणार म्हटल्यावर जी धास्ती वाटते, ती यामुळे बरीच कमी होते.

नाशिकमध्ये नोकरी करत पीएचडी करणारे शिक्षक खूप आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पेट ही पीएचडीची प्रवेशपरीक्षा द्यायची, मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात नोंदणी करायची, संस्थेचं ना-हरकत पत्र जोडायचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, किमान तीन वर्षं, साधारण कमाल सहा आणि दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा आणि सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. नोकरी सांभाळून करणाऱ्यांचं घोडं अडतं ते बहुधा प्रयोगापाशी. वाचन रात्री होतं, कॉम्प्युटरचं काम रविवारी होतं, पण विंड टनेल, म्हणजे ठरावीक वेगाने हवा सोडून प्रयोग करायचा बोगदा, सलग चार दिवस मोकळं मिळत नाही. नोंदणी करतानाच या दिवसांची सोय विभागप्रमुखांकडून लेखी करून घ्यावी.

गाईड निवडताना नावाच्या वजनाला भुलू नये. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचायला मिळतात. शेवटचे तीन उघडा. प्रत्येकाला किती वर्षं लागली? प्रबंधात प्रयोगाची मांडणी, मोजमापातली अनिश्चितता दिली आहे का, की नुसती रंगीत चित्रं आहेत? मग लॅबमध्ये जाऊन चालू विद्यार्थ्यांना एकच विचारा: कोणतं यंत्र आत्ता, या घडीला चालू आहे? उत्तर द्यायला जितका वेळ लागेल त्यावरून पुष्कळ कळतं.

लॅबमधला एक दिवस: १०० पास्कल

हे काम किती बारकाईचं असतं ते एका मोजमापावरून बघू. विंड टनेलमध्ये हवेचा वेग मोजायला पिटो नळी लावतात. समोरून येणारी हवा नळीच्या तोंडाशी थांबते, तिथे दाब वाढतो. हा वाढीव दाब मोजायचा, त्याची दुप्पट करायची, हवेच्या घनतेने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. समजा दाब आला १०० पास्कल, म्हणजे पाण्याची जेमतेम १० मिलिमीटर उंची. सरळ उभ्या मॅनोमीटरवर, म्हणजे दाब पाण्याच्या उंचीत दाखवणाऱ्या नळीवर, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे वाचला तरी दाबात पाच टक्के चूक. म्हणून नळी तिरकी ठेवतात. ३० अंशांवर तिरकी केली की तीच उंची दुप्पट लांबीची दिसते, आणखी आडवी केली की दहापटही.

आता घनता. पुस्तकात हवेची घनता असते घनमीटरला १.२२५ किलो. ती समुद्रसपाटीची, १५ अंशांची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब साधारण ९४,३०० पास्कल असतो आणि दुपारी ३० अंशांना घनता येते १.०८ च्या आसपास. पुस्तकी घनता घेतली तर १०० पास्कलला वेग येतो सेकंदाला १२.८ मीटर, खरा असतो १३.६. चूक सहा टक्क्यांची. मॉडेलवर लागणारं बल वेगाच्या वर्गावर चालतं, त्यामुळे पुढे हाच वेग खऱ्या घनतेसोबत वापरला तर बलाच्या गुणांकात ती दुप्पट होऊन बसते. मुंबईतल्या पेपरशी आपले आकडे का जुळत नाहीत म्हणून विद्यार्थी महिनाभर मॉडेल घासत बसतो, आणि दोष असतो त्या एका आकड्यात. लॅबच्या भिंतीवर बॅरोमीटर आणि थर्मामीटर हवेतच, आणि प्रत्येक रीडिंगच्या ओळीत त्यांचे आकडे लिहायचे.

खळाळत्या प्रवाहातले झपाट्याने होणारे चढउतार पिटोला कळत नाहीत. त्यासाठी हॉट-वायर लागते: ५ मायक्रॉन जाडीची, मिलिमीटरभर लांबीची टंगस्टनची तार. आपला केस तिच्या दसपटीहून जाड. विजेने ती तापवलेली असते, हवा तिला गार करते, त्यावरून वेग कळतो. अडचण अशी की खोलीचं तापमान एका अंशाने बदललं तरी वेगात सुमारे दोन टक्क्यांची चूक येते. एप्रिलमध्ये सकाळी २४ अंशांना कॅलिब्रेशन केलं, म्हणजे माहीत असलेल्या वेगाशी तार जुळवून घेतली, आणि दुपारी ३४ ला मोजलं, तर ते कॅलिब्रेशन कामातून गेलं. म्हणून प्रयोगाआधी एकदा आणि प्रयोगानंतर पुन्हा कॅलिब्रेशन करायचं; दोन्ही जुळले नाहीत तर दिवसाचा डेटा टाकून द्यायचा. टाकून देताना जीव तुटतो, पण या कामात सगळ्यात महत्त्वाची सवय हीच. मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडीमुळे तारेच्या सिग्नलमध्ये विजेचा गोंगाट मिसळतो, तो हवेचा खळखळाट समजून छापलेले निकालही निघतात. पंखा बंद ठेवून, नुसता व्हीएफडी चालू करून सिग्नल बघितला की चोर सापडतो.

कॉम्प्युटरवरचा प्रवाह

आज बहुतेक पीएचडींमध्ये सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाह सोडवणं, असतंच. ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फ्लुएंटला परवाना लागतो. प्रवाहाची जागा लाखो बारीक घरांत वाटायची आणि प्रत्येक घरात समीकरणं सोडवायची. खळखळाटातला लहानात लहान भोवरासुद्धा पकडायचा म्हटलं, तर घरांची संख्या रेनॉल्ड्स क्रमांकाच्या सव्वादोन घाताने वाढते. क्रमांक दहापट केला की घरं १७८ पट. म्हणून सहसा भोवऱ्यांचा सरासरी परिणाम धरणारी मॉडेल्स वापरतात, आणि मॉडेल म्हणजे अंदाज.

स्क्रीनवर चित्र सुंदर येतं, धोका तिथेच असतो. रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली चूक, खाली आले म्हणजे कॉम्प्युटरने त्याला दिलेलं गणित सोडवलं एवढंच कळतं. गणित बरोबर दिलं होतं का, हे नाही. निदान तीन जाळ्यांवर उत्तर काढावं, समजा ५ लाख, १० लाख आणि २० लाख घरं. उत्तर बदलायचं थांबत नसेल तर जाळी अजून अपुरी आहे. भिंतीजवळच्या पहिल्या घराची उंची मॉडेलला साजेशी हवी: भिंतीजवळचा वेग सूत्राने धरणारं वॉल फंक्शन वापरलं तर वाय-प्लस (ही उंची सांगणारी संख्या) ३० च्या वर, एसएसटी हे मॉडेल भिंतीपर्यंत सोडवायचं असेल तर १ च्या आसपास. मधल्या ५ ते ३० च्या पट्ट्यात अडकलेले प्रबंध नेहमी दिसतात आणि परीक्षक व्हायवात पहिलं बोट तिथेच ठेवतात.

पेपर हा पुढचा टप्पा. फ्लुइड मेकॅनिक्सचं मानाचं जर्नल १९५६ मध्ये केंब्रिजच्या बॅचलर यांनी सुरू केलं, आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं साधना आहे. चांगल्या जर्नलकडून पहिलं उत्तर यायला तीन-चार महिने, छापून यायला वर्षही लागतं. परीक्षकांच्या शेऱ्यांना मुद्देसूद उत्तरं द्यायची, पटलं नाही तर आकड्यांनिशी सांगायचं. चार दिवसांत छापतो म्हणून पैसे मागणाऱ्या जर्नलमध्ये काम दिलं की ते काम संपलं. पुढे कोणी वाचत नाही आणि निवड समितीपुढे तेच आडवं येतं. पीएचडीसाठी पेपर छापलेला असणं यूजीसीने २०२२ पासून बंधनकारक ठेवलेलं नाही, पण नोकरीच्या अर्जात तो लागतोच.

गुरूकडून शिष्याकडे

या विषयात कोण कोणाकडे शिकलं, याला फार अर्थ असतो, कारण प्रयोगाचा हात पुस्तकातून येत नाही. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत आठ पानांचा निबंध मांडला: भिंतीलगतच्या पातळ थरातच चिकटपणाचा खेळ चालतो, त्याच्या बाहेर तो जवळजवळ विसरता येतो. बाउंडरी लेयर ती हीच. त्यांचे शिष्य फॉन कार्मान पुढे अमेरिकेत कॅलटेकला गेले, त्यांनी हान्स लिपमन यांना तिथे आणलं. लिपमन यांच्याकडे सतीश धवन यांनी १९५१ मध्ये पीएचडी पूर्ण केली. त्यांचं काम होतं, हवा पृष्ठभागाला किती घासते ते थेट मोजणं: पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा मोकळा ठेवायचा आणि हवेने तो किती ढकलला जातो ते मोजायचं. तुकड्याच्या कडेची फट जराशी जास्त झाली किंवा तुकडा केसभर वर आला की मापन फसतं.

धवन त्याच वर्षी बंगळूरच्या आयआयएससीत आले. त्यांच्या हाताखाली रोद्दम नरसिंहा तयार झाले. शिस्तीचा प्रवाह खळाळता होताना मध्ये जो धरसोडीचा पट्टा असतो, त्यावरचा या दोघांचा १९५८ चा पेपर आजही वाचला जातो. नरसिंहा यांच्याकडे १९७५ मध्ये के. आर. श्रीनिवासन यांनी पीएचडी केली आणि खळखळाटाच्या अभ्यासात जगभर नाव कमावलं. धवन पुढे आयआयएससीचे संचालक झाले, १९७२ पासून इस्रोही सांभाळली, पण सुरुवात त्या हलणाऱ्या तुकड्यापासून होती. एक प्रश्न, एक नीट केलेलं मोजमाप, आणि ते शिकून पुढे गेलेली माणसं.

नोकरी, पगार, तास

पीएचडीनंतर आयआयटीसारख्या ठिकाणी जायचं तर बहुतेक जण वर्ष-दोन वर्षं दुसऱ्या गटात पोस्टडॉक करतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजांत बीई आणि एमई, दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग एवढ्यावर सहायक प्राध्यापक होता येतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५७,७०० पासून. सहयोगीला १,३१,४००, प्राध्यापकाला १,४४,२००. कॅस म्हणजे पदोन्नतीच्या योजनेत पीएचडीवाल्याला टप्प्याटप्प्याने ४, ५, ३ आणि ३, अशी किमान १५ वर्षं प्राध्यापक व्हायला लागतात. थेट भरतीत सहयोगीसाठी पीएचडी आणि ८ वर्षांचा अनुभव, त्यातली २ पीएचडीनंतरची. प्राध्यापकासाठी किमान १० वर्षं.

हे झालं कागदावरचं. सगळ्या विनाअनुदानित कॉलेजांत पूर्ण वेतनश्रेणी मिळतेच असं नाही, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काम करणारे पात्र लोक आहेत. ही या क्षेत्रातली सगळ्यात दुखरी बाजू. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने हे समजूनच पाऊल टाकावं.

सहायकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, वर प्रॅक्टिकलच्या जर्नल्स, एनबीए आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइली, प्रवेशाची कामं. संशोधन मागे पडतं ते अशा दिवसांत. टिकलेले लोक एक गोष्ट करतात: आठवड्यातली एक ठरावीक दुपार लॅबची, ती कुठल्याही बैठकीला देत नाहीत.

स्वतःची लॅब उभी करायला लाखो रुपयेच लागतात, असं नाही. ३० सेंटिमीटर चौरस टेस्ट सेक्शनचं (मॉडेल ठेवायची जागा), हवा ओढून घेणारं विंड टनेल कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बनतं. सातपूर-अंबडला पत्र्याचं आणि फायबरचं काम करणारे कारागीर आहेत. सेकंदाला २० मीटर वेगाला तिथून सेकंदाला १.८ घनमीटर हवा जाते. तिच्यातली गतिज शक्ती ३९० वॅट. पंख्याचे आणि वळणांचे तोटे धरून दोन-तीन एचपीची मोटर पुरते. तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्या घरांची लांबी व्यासाच्या सहा ते आठ पट. मग बारीक जाळ्या, मग सहा ते नऊ पट आकसणारा भाग. चुकतं ते मागच्या डिफ्यूजरमध्ये, म्हणजे रुंदावत जाणाऱ्या भागात. जागा वाचवायला तो आखूड केला जातो, भिंती भराभर उघडतात, हवा भिंत सोडते आणि टेस्ट सेक्शनमध्ये वेग हेलकावे खायला लागतो. भिंतींमधला एकूण कोन पाच-सहा अंशांच्या आत ठेवायचा, मग खोली अपुरी पडली तरी चालेल, खिडकीतून बाहेर काढा. आणि उन्हाळ्यात जाळ्यांवर धूळ बसते, ती पंधरा दिवसांनी व्हॅक्युमने काढायची.

पुढे मोठी यंत्रं घ्यायची तर प्रस्ताव लिहावा लागतो. संशोधनाला निधी देणाऱ्या एसईआरबीची जागा आता एएनआरएफने, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. प्रस्ताव बहुतेकदा फेटाळला जातो तो विषय फार रुंद ठेवल्यामुळे. 'ठिबक सिंचनाचा अभ्यास' याला कोणी पैसे देणार नाही; 'अमुक दातेरी मार्गात ५० ते १०० मायक्रॉनचे कण कुठे आणि किती तासांत साचतात' याला देतील.

नाशिकला दिंडोरी रोडवर मेरी आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासूनची. धरणांच्या सांडव्यांची लहान प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास करण्याची परंपरा इथली. प्रतिकृती १:५० असेल तर विसर्ग ५० च्या अडीच घाताने, म्हणजे जवळपास १७,७०० पटीने लहान होतो. १०,००० क्युसेकचा पूर तिथे सेकंदाला १६ लिटरमध्ये दाखवता येतो. पण रेनॉल्ड्स क्रमांकही ३५० पटीने घसरतो, त्यामुळे हवेचे बुडबुडे मिसळणं, घर्षण, या गोष्टी प्रतिकृतीत हुबेहूब उतरत नाहीत. कुठला आकडा थेट घ्यायचा आणि कुठला सुधारून, हे ठरवायला अनुभवी प्रवाहतज्ज्ञ लागतो.

पुन्हा गोदाघाटावर येऊ. पाण्याची उंची आणि विसर्ग यांचं नातं एका वक्ररेषेने मांडतात. ती काढायला पात्राच्या आडव्या छेदावर ठिकठिकाणी करंट मीटर सोडतात, पृष्ठभागापासून खोलीच्या २० टक्क्यांवर आणि ८० टक्क्यांवर वेग घेतात आणि सरासरी काढतात. नुसती पृष्ठभागावर वाहणारी वस्तू बघून वेग घेतला तर त्याला साधारण ०.८५ ने गुणावं लागतं, कारण खाली पाणी सावकाश असतं. पात्रात गाळ बसला, काँक्रीट घातलं किंवा काढलं, नवा खांब उभा राहिला, की तीच वक्ररेषा चुकीची ठरते. गेल्या वर्षी कमरेला लागणारा विसर्ग यंदा छातीला लागू शकतो. म्हणून ती दर पावसाळ्यानंतर नव्याने तपासायची असते. भर पुरात पात्रात यंत्र सोडता येत नाही, तेव्हा पूर ओसरल्यावर दोन्ही काठांवरच्या खुणा गाठून, त्यांच्यातल्या उतारावरून विसर्ग मागे मोजत यावा लागतो. घाटाच्या भिंतींवर आणि देवळांच्या ओट्यांवर उरलेली गाळाची रेघ पुढच्या मोठ्या सरीत धुऊन जाते. विद्यार्थ्यांना घेऊन, लेव्हल लावून, तिची उंची त्याआधी टिपायची असते.